सोमवारची मंडळी

ओस्टरव्लीट, १२ सप्टेंबर

प्रिय क्राइनमामा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. उचललास तरी तूच बोलतोस आणि मग "बरं, ठेवतो" म्हणतोस. पत्र बरं. जन्मभर उपदेशपीठ गाजवलेल्या माणसालाही वाचताना गप्प बसावं लागतं.

इथं येऊन मला सहा महिने झाले. नेमणूक वर्षाची आहे. मार्चमध्ये चर्चच्या मंडळीची सभा भरेल आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरेल. इथला नियम जगावेगळा आहे. फार पूर्वी एका पाळकावरून गावात अशी फूट पडली की दोन तट दोन वेगळ्या बेकऱ्यांतून पाव घ्यायला लागले. गाव एवढंसं, दोन्ही बेकऱ्या बुडाल्या. तेव्हापासून पाळक कायम करताना एकही हात विरोधात वर जाता कामा नये, असं ठरलंय. एक हात वर गेला, की बाई सामान बांधायला मोकळी.

मामा, मला इथं राहायचंय. आजवर मी भाड्याच्या सायकलीसारखी मंडळ्यांमधून फिरले. सगळ्यांनी चालवली, तेल कुणी घातलं नाही. इथली माणसं निदान तोंडावर वाईट बोलतात. पहिल्याच रविवारी एक आजी दारात हात धरून म्हणाल्या, "आवाज चांगला आहे हो तुमचा. उपदेश कुणाकडून तरी लिहून घ्या." मी त्याच दिवशी ठरवलं की इथंच राहायचं. परसात कोबी लावलाय.

अडचण एकच आहे. छप्पर गळलं तर कौलं शाकारणारा, दात दुखला तर दंतवैद्य, देव हवा असला तर पाळकबाई, अशी इथं वाटणी झालीय. परवा वडीलमंडळाच्या, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या, बैठकीत मी विचारलं, "सोमवार ते शनिवार तुम्ही देवासाठी काय करता?"

अध्यक्ष मारिनुस विस्से, गाईंचा मोठा गोठा आहे त्यांचा, त्यांनी चष्मा पुसला.

"पाळकबाई, सोमवार ते शनिवार आम्ही काम करतो. रविवारी तुम्ही करा. पुढचा विषय?"

पुढचा विषय कॉफीयंत्राचा होता. तो बराच वेळ चालला.

काय करू, सांग.

तुझी,
हेस्टर

—

मिडलबर्ग, १९ सप्टेंबर

हेस्टर पोरी,

कॉफीयंत्र! ज्याने जग वाचवले तो हातात करवत घेऊन वाढला, त्याचे सोबती जाळी धुणारे कोळी होते, त्याचा सर्वांत मोठा प्रेषित तंबू शिवून पोट भरत असे, आणि त्यांची लेकरे आज कॉफीयंत्रावर मतदान करतात! मी वाचता वाचता उभा राहिलो. शेजारचे गृहस्थ दचकले.

त्या मारिनुसला सांग, की काम आणि सेवा यांच्यामध्ये जो बांध घातला आहे तो देवाने घातलेला नाही, आळशी लोकांनी घातला आहे. पाळकांनी तो उंच केला, कारण त्याच्या आड आपले महत्त्व कोरडे राहते. वेदी दगडाचीच असते असे कोणी सांगितले? दूध काढायचे यंत्र वेदी आहे. दंतवैद्याची खुर्ची वेदी आहे. तिथे तर लोक खरोखर प्रार्थना करतात! मंडळी म्हणजे रविवारी भरणारा वर्ग नव्हे. मंडळी म्हणजे सोमवारी कामाला पांगणारी फौज. आणि ज्या फौजेला मागून रसद नाही, ती फौज नसते, ती गर्दी असते.

म्हणून रसद उभी कर. प्रत्येक माणसाला सर्वांसमोर विचार, तुझे रोजचे काम काय? मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला त्या कामावर पाठव. आणि प्रत्येकाच्या मागे तिघाचौघांचे एक मंडळ दे. त्यांनी त्याच्या कामाच्या जागी जायचे, त्याचा भार पाहायचा, त्याला विचारायचे, त्याच्यासाठी प्रार्थना करायची. जायचे म्हणजे जायचे! घरी बसून "तुमची आठवण काढतो हो" म्हणणारा माणूस भिजणाऱ्याला छत्री दाखवून निघून जातो.

अर्धवट करू नकोस. अर्धवट केलेल्या सुधारणेइतके हास्यास्पद या जगात काही नाही.

मी हल्लीच एका मोठ्या, शांत घरात राहायला आलो आहे. बाग आहे, स्वयंपाकाला माणसे आहेत. त्यांची सेवा कोणती, हे त्यांना अजून कोणी विचारलेले नाही. विचारतो.

तुझा मामा,
क्राइन

—

ओस्टरव्लीट, ३ नोव्हेंबर

प्रिय मामा,

केलं. अर्धवट केलं नाही. तेच भोवतंय.

आधी कार्यगट नेमला. मग कार्यगटाने काय करावं हे ठरवायला दुसरा कार्यगट नेमला. दोघांची बैठक एकाच वेळी आली आणि तीच माणसं दोन्हीकडे होती, म्हणून दुसरा रद्द झाला. शेवटी यिकेमीन गेल्डोफला पहिली पाठवायचं ठरलं. यिकेमीन जलमंडळात नोकरीला आहे, बांधातले पाणउंदीर पकडते. हे मांजराएवढे उंदीर बांध आतून पोखरतात, आणि बांध फुटला तर आपण सगळे थेट समुद्राच्या तळाशी. तिच्याइतकं गावाला जपणारं दुसरं कोण आहे?

मी म्हटलं, "यिकेमीन, येताना कामाची एखादी खूण घेऊन ये." रविवारच्या उपासनेला ती सापळा घेऊन आली. प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवला. पहिल्या बाकावरच्या बायकांनी पाय वर घेतले.

"रिकामा आहे गं," यिकेमीन म्हणाली. "बहुतेक."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवणार, तेवढ्यात मागून दंतवैद्य उठले. ते मांस खात नाहीत. "एक शंका. आपण उंदरांच्या विरुद्ध प्रार्थना करतोय का?"

"बांधाच्या बाजूने करतोय," मी म्हटलं.

"उंदराला ते कसं कळणार?"

यावर चर्चा झाली. प्रत्येकाला बोलायला मिळालंच पाहिजे, तू जाणतोस आपली माणसं. अखेर असं ठरलं की यिकेमीनसाठी प्रार्थना करावी, आणि उंदरांसाठीही, की जे व्हायचं ते पटकन व्हावं. सगळ्यांचं समाधान झालं. यिकेमीन तेवढी रडली. म्हणाली, "इतकी वर्षं हे काम करतेय, पण मला कुणी विचारलं नव्हतं की कसं वाटतं." मामा, त्या एका वाक्यासाठी मी तुझे पाय धरले असते.

पण मग सोमवार उजाडला.

यिकेमीनपाठोपाठ बाकीच्यांनाही मंडळं दिली होती, ती कामाच्या जागी जायची होती. कसं जायचं, हे मी सांगितलं नव्हतं, आणि वडीलमंडळाला दुसऱ्याकडे जायची एकच रीत ठाऊक. वर्षातून एकदा दोघं वडील प्रत्येक घरी भेटीला जातात, काळा सूट घालून. बसतात, कॉफी घेतात, "आत्म्याचं कसं काय?" विचारतात, निघतात. लेंडर्ट आणि कोबुस, दोघे निवृत्त, दोघांकडे सूट, म्हणून प्रत्येक मंडळात त्यांना घातलंय. आता ते दोघं काळ्या सुटात, काळ्या बुटात, हात पुढे बांधून कामाच्या जागी उभे राहतात.

या गावात काळ्या सुटातली दोन माणसं वर्षाच्या भेटीशिवाय आणखी एकाच कारणासाठी दारात येतात. कुणी गेलं असेल तर.

टायरच्या दुकानात एक गिऱ्हाईक त्यांना पाहून खाली बसलं आणि म्हणालं, "आई का?" दंतवैद्याकडे ते खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले, पेशंट तोंडातल्या नळीसकट पळाला. गाडी शिकवणारी आद्री, तिच्या गाडीत मागच्या सीटवर दोघे बसले. शिकणाऱ्या मुलीने आरशात पाहिलं आणि गाडी सरळ कालव्यात घातली. उथळ होता. लेंडर्ट गुडघाभर पाण्यातून बाहेर आला, टोपी काढली आणि तिला विचारलं, "बाळ, आत्म्याचं कसं काय?"

मारिनुस विस्से मला म्हणाले, "मजा आहे बुवा. मार्चपर्यंत गावात जिवंत कोण राहतंय ते बघू."

मी काय चुकले?

हेस्टर

—

मिडलबर्ग, १० नोव्हेंबर

हेस्टर,

काही चुकली नाहीस! लोक दचकले? उत्तम! ज्या दिवशी मंडळीला पाहून गाव दचकणे बंद झाले, त्या दिवसापासून आपण कॉफीयंत्रापर्यंत घसरलो. ती मुलगी कालव्यात गेली, पण तिला तिच्या आत्म्याविषयी विचारणारा माणूस पाण्यात उभा होता. असा मेंढपाळ किती मंडळ्यांकडे आहे? त्या लेंडर्टला माझा नमस्कार सांग.

मात्र एक उणीव दिसते. मंडळातल्या माणसांना आधार कोण देणार? आधार देणाराही थकतो. प्रत्येक मंडळामागे आणखी एक मंडळ हवे. आणि जो सर्वांत जास्त विरोध करतो, त्याच्यामागे सर्वांत मोठे. मारिनुसचा गोठा अजून कोणी पाहिलेला दिसत नाही.

इथले काम जोरात चालू आहे. आचारी, झाडणारी, औषधे वाटणारी, प्रत्येकामागे मी मंडळ दिले आहे. मंडळींचे सरासरी वय थोडे जास्त आहे, पण उत्साह दांडगा. दुर्दैवाने बाईंनी माझा काळा सूट धुवायला नेला, तो परत आलेला नाही.

क्राइन

(बाई म्हणजे या घराच्या व्यवस्थापक. कडक आहेत.)

—

ओस्टरव्लीट, १४ जानेवारी

प्रिय मामा,

"प्रत्येक मंडळामागे आणखी एक मंडळ." तुझं हे वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं. वाचायला नको होतं.

आता गावात प्रत्येकजण कुणाच्या तरी मंडळात आहे, आणि त्याच्यामागेही कुणीतरी आहे. बेकरीवाली पाव भाजायच्या वेळी यिकेमीनबरोबर बांधावर असते, म्हणून बेकरीवालीच्या मागचं मंडळ बेकरीत जाऊन पाव भाजतं. पाव कसा होतो विचारू नकोस. रविवारीच सगळे मोकळे असतात, म्हणून मंडळांच्या बैठका रविवारी सकाळी दहाला ठेवल्या. गेल्या रविवारी उपासनेला मी होते आणि ऑर्गन वाजवणारा होता. त्यालाही लवकर निघायचं होतं.

आणि मारिनुस. तू म्हणालास म्हणून त्यांच्यामागे सगळ्यात मोठं मंडळ दिलं. पहाटे दूध काढायच्या वेळी ही सगळी फौज गोठ्यात. काळे सूट पाहून गाई बिथरल्या. त्यांना शांत करायला लेंडर्टने स्तोत्र धरलं. आपली जुनी गायकी तुला माहीत आहे, एका अक्षरावर माणूस दोनदा श्वास घेतो. तिसऱ्या ओळीला गाई एकेक करून खाली बसल्या.

"उठवा त्यांना!" मारिनुस ओरडले. "बसलेल्या गाईचं दूध कसं काढू?"

"कडवं तर पुरं होऊ द्या," कोबुस म्हणाला.

कडवं पुरं झालं. गाई उठल्या आणि, मामा, त्यांनी दूध दिलं. भरपूर दिलं. दुसऱ्या दिवशी मारिनुसने फौजेला फाटकातूनच हाकललं, तर गाई दूध सोडेनात. रेडिओ लावला, नाही. मारिनुसने स्वतः शिट्टी वाजवली, नाही. नऊ वाजता माणूस लेंडर्टच्या दारात उभा, चिखलाच्या बुटांत.

"या," म्हणाले. "पण सूट नको."

"सुटाशिवाय मी गात नाही," लेंडर्ट म्हणाला. "नवा शिवलाय."

तेव्हापासून रोज पहाटे काळ्या सुटातली मंडळी गोठ्यात गाते, आणि मारिनुस दात ओठ खात दूध काढतात. काल ते माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"पाळकबाई, मी सरळ माणूस आहे. हा तमाशा बंद करा. सगळी मंडळं, सगळं. पहिल्यासारखं करा. मी मार्चमध्ये गप्प बसतो."

"आणि नाही केलं तर?"

"तर माझा हात वर जाईल. गाई तुमच्या बाजूने आहेत, पण गाईंना मत नाही."

एका हाताने मी जाणार, मामा. कोबी अजून उभा आहे, मी तो काढला नाही. काढला की मुक्काम संपेल असं उगाच वाटतं. बंद करू का सगळं? यिकेमीनला काय सांगू? की बाई, तुला विचारलं ते विसर, आता परत कुणी विचारणार नाही?

लवकर लिही.

हेस्टर

—

मिडलबर्ग, १७ जानेवारी

आदरणीय पाळक हेस्टर योब्से यांस,

आपले मामा श्री. क्राइन आमच्या वृद्धनिवासात रहिवासी आहेत. आपण त्यांच्या एकमेव जवळच्या नातेवाईक असल्याने खालील बाबी आपल्या कानावर घालणे आमचे कर्तव्य आहे.

श्री. क्राइन यांनी रहिवाशांची मंडळे स्थापन केली असून ही मंडळे आमच्या कर्मचाऱ्यांना आधार देतात. झाडणाऱ्या कर्मचाऱ्यामागे सध्या पाच वॉकर चालतात. लिफ्टमध्ये परिचारिकेला आधार देण्यासाठी इतके रहिवासी शिरले की अग्निशमन दलाला बोलवावे लागले, श्री. क्राइन यांनी शिडीवरच्या जवानाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला कामावर पाठवले. तो आधीच कामावर होता.

त्यांचा काळा सूट आम्ही कुलपात ठेवला आहे, कारण तो घालून ते इतर रहिवाशांच्या खोल्यांत शिरत आणि रहिवाशांचा गैरसमज होई.

ते मनाने चांगले आहेत. आमचा आचारी त्यांच्या बाजूने आहे. तरी कृपया त्यांना दोन शब्द सांगावेत.

आपली,
श्रीमती दे राइके, व्यवस्थापक

—

ओस्टरव्लीट, १९ जानेवारी

मामा,

"मोठं, शांत घर. बाग आहे."

मला का नाही सांगितलंस?

हेस्टर

—

मिडलबर्ग, २३ जानेवारी

हेस्टर,

सांगितले नाही, कारण तू दर रविवारी फळे घेऊन आली असतीस आणि माझ्याकडे मान तिरकी करून पाहिले असतेस. मान तिरकी करून पाहणारे इथे पुष्कळ आहेत. लोक म्हणतात, मला इथे ठेवले आहे. चूक! मला इथे पाठवले आहे. एवढाच फरक मी जन्मभर शिकवला आणि तो इथे रोज सकाळी मोजे घालताना मला स्वतःला पुन्हा शिकवावा लागतो.

आता तुझा प्रश्न.

माझा सूट गेला तेव्हा मी संतापलो. वस्त्रहरण झालेल्या माणसाप्रमाणे स्वेटर घालून स्वयंपाकघरात गेलो आणि आचाऱ्याला त्याच्या सेवेविषयी विचारू लागलो. तो कामात होता. त्याने एक शब्द न बोलता माझ्यापुढे बटाट्याची टोपली सरकवली. मी सोलू लागलो. टोपली अर्धी झाली तेव्हा तो आपण होऊन बोलू लागला. त्याची बायको सोडून गेली आहे. तो रोज शंभर माणसांना जेवू घालतो आणि घरी जाऊन उभ्याने खातो. सुटात होतो तेव्हा त्याने मला फक्त "ठीक आहे, साहेब" एवढेच सांगितले होते.

म्हणून ऐक. मारिनुस अर्धा बरोबर आहे, आणि अर्धा बरोबर असलेला माणूस सगळ्यांत धोक्याचा. मंडळे बंद करायची नाहीत. एका हाताच्या भीतीने जो पाळक यिकेमीनला पुन्हा एकटी सोडेल, त्याला कायम करून मंडळीचे काय भले होणार? गेलीस तर जाशील! पण विकली जाऊन राहू नकोस. मात्र मंडळामागची मंडळे मोडून टाक. ती माझी चूक नव्हे, माझा अतिरेक होता. आणि सूट उतरव. जो येईल त्याने कामाच्या कपड्यांत यावे, आणि ज्याचे काम आहे त्याने आपल्या टोपलीतला बटाटा त्याच्या हाती द्यावा. आत्म्याची चौकशी टोपली अर्धी झाल्यावर.

मार्चमध्ये काय होते ते लगेच लिही. आम्ही इथे पैजा लावलेल्या नाहीत, बाईंना तसे सांगितले आहे.

तुझा मामा

—

ओस्टरव्लीट, ९ मार्च

प्रिय मामा,

कालच सभा झाली. हातांना फोड आलेत, अक्षर सांभाळून घे.

तुझं पत्र आल्यावर मी मारिनुसकडे गेले आणि सांगितलं, "मंडळं राहतील. सूट जातील. तुमचा हात तुमच्यापाशी." ते म्हणाले, "बरं." आमच्याकडे "बरं"चा अर्थ काहीही होतो. लेंडर्टला सूट उतरवायला लावणं सगळ्यात अवघड गेलं. शेवटी वरून गोठ्यातला निळा अंगरखा घालायला तयार झाला, खाली सूट तसाच. गाईंना फरक पडला नाही.

काल शनिवारी दुपारी दोनला सभागृहात सगळे जमले. अध्यक्षच नाहीत. अध्यक्षाने सुरू केल्याशिवाय सभा सुरू होत नाही. तेवढ्यात कोबुस धावत आला, "क्लारा गाय व्यायला लागलीय, वासरू आडवं आलंय, मारिनुस हलू शकत नाहीत." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग यिकेमीन म्हणाली, "सभा हलू शकते की." आणि मामा, अख्खी मंडळी इतिवृत्ताच्या वहीसकट गोठ्याकडे निघाली.

मारिनुसचा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत. घामाने निथळत होते. आम्हाला पाहून म्हणाले, "काय हे?"

"सभा," यिकेमीन म्हणाली. "चालू करा."

"करतो चालू! आधी ती दोरी ओढा!"

वासराचे पाय दोरीने बांधले होते. आम्ही पाच-सहाजण दोरीला लागलो, मीही. लेंडर्टने स्तोत्र धरलं. सचिव गवताच्या गंजीवर बसून विषयपत्रिका वाचायला लागले. इतिवृत्त मंजूर झालं. कॉफीयंत्र पुढच्या सभेत ढकललं. मग आला माझा विषय, आणि दंतवैद्य म्हणाले, "नियमाप्रमाणे उमेदवाराने बाहेर जायला हवं."

"दोरी सोडली तर वासरू जाईल," मारिनुस गरजले. "बाई, भिंतीकडे तोंड करा. तेवढं चालेल."

मी मान भिंतीकडे वळवून दोरी धरली. समोर एक कोळ्याचं जाळं होतं, त्यातली माशी मी जन्मात विसरणार नाही. मागे सचिव म्हणाले, "पाळकबाईंना कायम ठेवावं, याच्या बाजूचे हात वर."

आणि त्या सगळ्या भल्या माणसांनी हात वर केले. दोरी ओढणाऱ्यांनीसुद्धा.

दोरीचा सगळा भार माझ्यावर आला. मी पाय रोवले, ओरडले, काय ओरडले ते पाळकाने लिहू नये, आणि एकदम दोरी सैल पडली. मी पाठीवर आपटले. अंगावर वासरू. गरम, चिकट, जिवंत. टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी की त्याच्यासाठी, कळेना.

"वासरासाठी होत्या," सचिव म्हणाले. "इतिवृत्तात तसं लिहितो. आता, विरोधात कोण?"

क्लारा धापा टाकत होती. मला आता भिंतीकडे वळायचीही सोय नव्हती. वासराखाली पडल्या पडल्या मी सरळ मारिनुसकडे पाहत होते. त्यांचा हात अजून गाईच्या आत होता.

"अध्यक्षमहाराज," सचिवांनी चष्म्यावरून पाहिलं, "तुमचं मत?"

"दिसत नाही का? हात गुंतलाय."

"पण वासरू तर झालं."

"जुळं असू शकतं. तपासायला लागतं," मारिनुस म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, छताकडे पाहत होते. "सभेचं काम माझ्यासाठी अडवू नका."

सचिवांनी पुन्हा विचारलं. यिकेमीन उंदरांची माणूस असली तरी गोठ्यातच वाढलीय, ती खाली वाकून माझ्या कानाशी पुटपुटली, "एवढ्यात तर घोडाही सापडला असता." कोबुसने मफलर तोंडावर धरला. मारिनुस ढिम्म.

"विरोधात कोणी नाही," सचिव म्हणाले, आणि लिहिलं.

मग चहापाणी झालं, लोक आपापल्या घरी गेले, कुणी मला अभिनंदन म्हणालं, कुणी अंघोळ करा म्हणालं. वासरू उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. मी फाटकातून मागे वळून पाहिलं. मारिनुस अजूनही क्लारापाशीच उभे होते, खांद्यापर्यंत आत, गंभीर चेहऱ्याने.

आज सकाळी उपासनेनंतर मी त्यांना विचारलं, "काय झालं त्या जुळ्याचं?"

"शोध चालू आहे," ते म्हणाले, आणि कॉफी घ्यायला गेले.

तुझी,
हेस्टर
(कायम)